‘माझा वकील फितला’: सातशे वर्षांपूर्वीची तक्रार आणि तुझे बाबा

पत्र:

ताई, मी मूळची सांगली जिल्ह्यातली. पुण्यात एलएलबी केलं, आता इंग्लंडमध्ये एलएलएम करतेय. प्रबंधाचा विषय मोठ्या हौसेनं घेतला होता: मध्ययुगीन इंग्लंडमधले वकील आणि त्यांचे पक्षकार. चार महिने वाचतेय आणि मन विटलंय. फी घेऊन तारखेला न येणारे, समोरच्या पार्टीला फितणारे, दोन्हीकडून पैसे खाणारे, वकीलपत्र नसताना कोर्टात उभे राहणारे, याशिवाय दुसरं काही सापडतच नाही. आमच्याकडेही आठ वर्षांपूर्वी शेतीच्या दाव्यात असंच झालं. बाबांच्या वकिलांनी तडजोडीची पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, कोर्टात दिली आणि बांधालगतची विहीर समोरच्यांच्या वाटणीला गेली. बाबा म्हणतात, त्यांना कोणी विचारलंच नाही. परवा फोनवर मी काय वाचतेय ते सांगितलं, तर म्हणाले, ‘म्हणजे सातशे वर्षांत काही बदललं नाही. परत येऊन तूही हेच करणार?’ मला उत्तर देता आलं नाही. प्रबंध सोडू का? की सनदच घेऊ नये?
– एक अस्वस्थ विद्यार्थिनी

उत्तर:

मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देते. प्रबंध सोडू नकोस. सनद घे. पण जे वाचतेस ते वाचायची रीत बदल, आणि बाबांच्या दाव्याच्या कागदांच्या नकला मागव. या दोन गोष्टी एकमेकींना धरून आहेत.

तू वाचलेली सगळ्यात ठळक ओळ बहुधा 1275 च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्यातली असणार. पहिल्या एडवर्डच्या त्या कायद्याचं 29वं कलम सांगतं की राजाच्या कोर्टात कुणा सार्जंटनं, म्हणजे बाजू मांडणाऱ्या वकिलानं, कोर्टाची किंवा पक्षकाराची फसवणूक केली किंवा फसवणुकीत संगनमत केलं आणि ते सिद्ध झालं, तर त्याला एक वर्ष आणि एक दिवस कैद होईल आणि त्यानंतर त्या कोर्टात कुणासाठीही त्याचं म्हणणं ऐकलं जाणार नाही. ही ओळ वाचून तुझ्या मनात आलं असेल, किती फसवत असतील तेव्हा हा कायदा करावा लागला! मला त्या ओळीत आधी दुसरं काही दिसतं. ‘कोर्टाची किंवा पक्षकाराची’ असं म्हटलंय. पक्षकाराला कोर्टाच्या शेजारी, एकाच वाक्यात बसवलंय. इंग्लंडमध्ये वकिली हा पोटापाण्याचा धंदा म्हणून नुकता कुठे उभा राहत होता, आणि इतक्या लवकर कायद्यानं मान्य केलं की वकिलानं पक्षकाराला फसवणं ही त्या दोघांमधली खासगी कुरबूर नाही, तो कोर्टाचाही प्रश्न आहे. आपोआप कुणी असं मान्य करत नाही. त्यामागे ओरडणारी माणसं असतात, आणि तू चार महिने त्यांचंच ओरडणं वाचतेयस.

आता बाबांच्या विहिरीला थेट लागू पडणारा भाग. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये वकील दोन जातींचे होते आणि त्यांच्यातला फरक पक्षकाराच्या जिवावर बेतणारा होता. एक अ‍ॅटर्नी. तो पक्षकाराच्या जागी उभा राहायचा. त्यानं केलं ते पक्षकारानं केलं, तो हजर म्हणजे पक्षकार हजर, तो गैरहजर म्हणजे पक्षकार गैरहजर. म्हणूनच त्याची नेमणूक कोर्टासमोर होऊन दप्तरात नोंदली जायची. नोंद नसेल तर तो कुणाचाच नव्हे. दुसरा सार्जंट किंवा नॅरेटर, म्हणजे उभा राहून दावा बोलून दाखवणारा. त्याचे शब्द पक्षकाराला लगेच बांधत नव्हते. तो काही बोलला की पक्षकाराला किंवा त्याच्या अ‍ॅटर्नीला ‘हे माझं म्हणणं नाही’ असं म्हणायची सोय होती. म्हणणं मान्य केलं की मगच ते पक्कं व्हायचं. मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते. तिच्यामुळे वकिलाला धीटपणे बोलता यायचं, आणि पक्षकाराच्या हातात शेवटचा लगाम राहायचा.

लगाम नव्हता तो अ‍ॅटर्नीवर. जमिनीच्या दाव्यात प्रतिवादी गैरहजर राहिला की जमीन राजाच्या ताब्यात घेतली जायची, आणि गैरहजेरीला योग्य कारण देता आलं नाही तर ती समोरच्याला मिळायची. तुझ्या नोंदींत जो अ‍ॅटर्नी ‘नेमलेल्या दिवशी आला नाही’ म्हणून लिहिलाय, त्यानं नुसती तारीख चुकवलेली नाही. कुणाचं तरी शेत, कुणाच्या आईचा विधवा म्हणून मिळालेला हिस्सा त्यानं एका सकाळीत घालवलाय. समोरच्याकडून चार नाणी घेऊन घरी बसणं, हा गुन्हा करायला किती सोपा होता बघ. खोटं बोलावं लागत नव्हतं, कागद बनवावे लागत नव्हते. नुसतं न येणं पुरेसं होतं. त्यामुळे तू वाचतेस त्या तक्रारींत गैरहजेरी इतक्यांदा येते याचं मला नवल वाटत नाही.

आता रीत बदल म्हणाले ते काय, ते सांगते. कॉमन प्लीजच्या, म्हणजे लोकांचे आपसांतले दावे चालवणाऱ्या कोर्टाची ती दप्तरं तू पाहिली असशील, निदान फोटोत. मेंढीच्या कातड्याचे लांब पट्टे, वरच्या टोकाला एकत्र शिवलेले, कडेच्या समासात परगण्याचं नाव, आणि आखूड केलेल्या लॅटिनमध्ये खच्चून भरलेल्या ओळी. त्या ओळींत ‘अमुकनं माझ्याशी दगा केला’ असं येतं तेव्हा तो एकाचा आरोप असतो. अनेकदा नोंद तिथेच तुटते. पुढची तारीख, त्यापुढची तारीख, शेरीफनं समन्स बजावलं नाही, आणि मग काहीच नाही. तडजोड झाली असेल, तक्रारदार थकला असेल, तक्रारच खोटी असेल. हरलेल्या माणसाला आपला वकील फितला असं वाटणं ही फार जुनी आणि फार मानवी गोष्ट आहे. मी तीस वर्षं जिल्हा कोर्टात काढली. हरलेल्या दाव्यातला वकील विकला गेला होता असं मी शेकडो वेळा ऐकलं. त्यातलं काही खरं होतं. बरंचसं खरं नव्हतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण 1289 चं आहे आणि प्रबंधात ते तुला टाळता येणार नाही. राजा, तोच पहिला एडवर्ड, तीन वर्षं फ्रान्समधल्या गॅस्कनीत होता. परत आल्यावर त्यानं जाहीर केलं की माझ्या माघारी माझ्या माणसांनी कुणावर अन्याय केला असेल, तर वेस्टमिन्स्टरला येऊन सांगा. शेकडो तक्रारी आल्या. वरच्या कोर्टांतले बहुतेक न्यायाधीश घरी गेले. कॉमन प्लीजचा मुख्य न्यायाधीश थॉमस वेलंड यानं खून केलेल्या आपल्या नोकरांना आसरा दिल्याचं निघालं. तो फ्रान्सिस्कन साधूंच्या मठात लपला आणि शेवटी 1290 मध्ये देश कायमचा सोडायची शपथ घेऊन निघून गेला. इथवर वाचून कुणीही तुझ्यासारखंच म्हणेल, सगळं नासलेलं होतं. पण पुढेही वाच. त्या तक्रारींतल्या पुष्कळ टिकल्या नाहीत. राल्फ डी हेंगम हा किंग्ज बेंच या दुसऱ्या वरच्या कोर्टाचा मुख्य न्यायाधीश. त्याला जबर दंड झाला आणि पद गेलं. पण 1301 मध्ये त्याला परत बोलावून कॉमन प्लीजचा मुख्य न्यायाधीश केलं. आणि मेटिंगम आणि बेकिंगम हे दोन न्यायाधीश त्या वावटळीतून डाग न लागता बाहेर पडले. तुझ्या प्रबंधात वेलंडला पानं मिळतील. मेटिंगमला निदान एक परिच्छेद दे.

नियमांची जंत्री तुझ्याकडे असेलच, म्हणून तिथे रेंगाळत नाही. फक्त एका गोष्टीकडे लक्ष वेधते. 1280 मध्ये लंडन शहरानं आपल्या कोर्टांसाठी नियम केले. दोन्ही पक्षांकडून पैसे घेणाऱ्या वकिलाला तीन वर्षं बंदी, आणि एकाचे पैसे घेऊन दुसऱ्याला जाऊन मिळणाऱ्यानं ते दुप्पट परत करायचे. इथे तक्रार आहे आणि उपायही तक्रारीच्या मापाचा आहे. दुप्पट परत, म्हणजे पक्षकाराच्या हातात काहीतरी पडतं. याउलट 1455 चा कायदा बघ. नॉरफोक, सफोक आणि नॉरिच इथे पूर्वी सहा-आठ अ‍ॅटर्नी होते, आता ऐंशी किंवा जास्त झालेत, ते जत्रा-बाजारांत फिरून लोकांना दावे करायला चिथावतात, म्हणून दोन परगण्यांत सहा-सहा आणि नॉरिचमध्ये दोनच ठेवा, असं तो म्हणतो. न्यायाधीशांना योग्य वाटल्यास, अशी पुस्तीही त्याला जोडलेली आहे. ही तक्रार वकिलाकडून फसलेल्या पक्षकाराची नाही. ज्याच्यावर दावे पडत होते त्याची ती असू शकते. बाजारात भेटणारा अ‍ॅटर्नी कमी झाला, तर ज्या बाईची गाय कुणी हाकलून नेली तिनं कुणाकडे जायचं, हे त्या कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. ‘वकील फार झालेत’ आणि ‘माझ्या वकिलानं मला बुडवलं’ ही दोन वाक्यं तुझ्या टिपणवहीत एकाच रकान्यात पडली असतील, तर आजच वेगळी कर. मला खात्री आहे, तुझी निम्मी उद्विग्नता तिथेच सुटी होईल.

1402 च्या कायद्याचंही तसंच. अडाणी अ‍ॅटर्नींमुळे लोकांचं नुकसान होतं म्हणून न्यायाधीशांनी त्यांची परीक्षा घ्यावी, चांगल्या चालीच्यांची नावं पटावर लिहावीत, त्यांना शपथ द्यावी, बाकीच्यांना काढावं. उद्या तुझं नाव बार कौन्सिलच्या यादीवर चढेल, तेव्हा हे आठव. यादी वकिलांच्या मानासाठी सुरू झाली नाही. यादीत नसलेल्या माणसाच्या हातात कुणाचं घर पडू नये म्हणून सुरू झाली.

मला स्वतःला यातलं सगळ्यात जवळचं वाटतं ते 1362 चं. त्या वर्षीच्या कायद्याची प्रस्तावनाच म्हणते की कोर्टातलं बोलणं फ्रेंचमध्ये चालतं, त्यामुळे आपल्या बाजूनं किंवा आपल्याविरुद्ध आपला सार्जंट काय बोलला हे लोकांना कळत नाही. म्हणून बोलणं इंग्रजीत व्हावं आणि नोंद लॅटिनमध्ये. प्रत्यक्षात वकिलांनी आपली फ्रेंच लगेच सोडली नाही. वेस्टमिन्स्टर हॉलच्या त्या भल्यामोठ्या दालनात, जिथे कोर्टांना भिंतीसुद्धा नव्हत्या, नॉर्थंबरलंडहून दहा-बारा दिवसांची वाट तुडवून आलेला माणूस उभा आहे. समोर त्याच्याच जमिनीबद्दल चाललंय आणि त्याला एक अक्षर कळत नाही. ‘हे माझं म्हणणं नाही’ असं सांगायचा हक्क त्याला आहे. पण म्हणणं काय, हेच कळलं नाही तर तो हक्क काय कामाचा?

वकिलीच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडे एक म्हातारे गृहस्थ होते. भावकीचा वाटपाचा दावा. दोन एसट्या बदलून यायचे, कागदांची कापडी पिशवी मांडीवर घेऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसायचे. पुकारा झाला की आत येऊन माझ्यामागे हात जोडून उभे राहायचे. बाहेर आल्यावर विचारायचे, ‘साहेब काय म्हणाले?’ आणि मी म्हणायचे, ‘बावीस तारीख दिलीय.’ दोन वर्षं हेच चाललं. त्या दोन वर्षांत मी समोरच्या वकिलांना सोयीसाठी तारखा दिल्या, एक साक्षीदार सोडून दिला, एक अर्ज मागे घेतला. सगळं कायद्यानं बरोबर होतं आणि दाव्याच्या हिताचंही होतं, असं मी आजही म्हणेन. एकदा ते बाकावरून उठले नाहीत. पिशवीवर हात ठेवून शांतपणे म्हणाले, ‘बाई, तारीख कळली. पन माजं काय झालं, ते न्हाई कळलं.’ त्या दिवशी मी त्यांच्याशेजारी बसले आणि पहिल्या दिवसापासूनचा रोजनामा, म्हणजे कोर्टातल्या कामाची तारखेवार नोंद, त्यांना वाचून दाखवला. तासभर लागला. त्यांनी एका ठिकाणी मला थांबवलं. सोडून दिलेला साक्षीदार त्यांचा मेहुणा होता आणि विहिरीच्या खर्चाच्या पावत्या त्याच्याकडे होत्या. मला ते माहीतच नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. मी कुणाला फितले नव्हते. पण सातशे वर्षांपूर्वीच्या कोर्टात त्यांनी माझ्याविरुद्ध तक्रार केली असती, तर दप्तरात ती फितलेल्या वकिलाच्या तक्रारीसारखीच दिसली असती. आणि नुकसान त्यांचं तेवढंच झालं असतं.

म्हणून प्रबंधाचा प्रश्न बदल असं सुचवते. ‘किती वकील भ्रष्ट होते’ याचं उत्तर त्या कातड्यांतून निघणार नाही आणि निघालं तरी कुणाच्या उपयोगाचं नाही. ‘वकिलानं आपल्याला न विचारता काही केलं, तर पक्षकार काय करू शकत होता, आणि त्यानं काय केलं’ हे शोध. तुझ्याच साधनांत त्याची सोन्यासारखी उत्तरं आहेत. 1433 चा सॉमर्टनचा खटला घे. जमिनीचा एक व्यवहार जुळवून देण्यासाठी त्यानं एकाला सल्लागार नेमलं. त्या माणसानं सॉमर्टनचं गुपित फोडलं आणि दुसऱ्याचा सल्लागार झाला. कोर्टात कुणी कुणासाठी उभं राहिलेलं नाही, दावा नाही, तारीख नाही. तरी सॉमर्टन कोर्टात गेला. नुसतं दिलेलं वचन पाळलं नाही एवढंच असतं तर गोष्ट वेगळी होती, पण विश्वासानं सांगितलेलं दुसऱ्याच्या हिताला वापरणं ही फसवणूक आहे, असा तो मुद्दा. आज आपला पुरावा कायदा पक्षकारानं वकिलाला सांगितलेलं झाकून ठेवतो, त्याच्या मुळाशी अशी माणसं आहेत. बाबांना हे सांग. सातशे वर्षांत बदललं ते अशांनी बदललं, आणि त्यांतले बरेच तुझ्या बाबांसारखे जमीन गेलेले होते.

दाव्यात मिळेल त्यातला वाटा फी म्हणून घ्यायला लंडनच्या वकिलांना 1280 मध्ये मनाई होती. आपल्याकडेही निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलाला मनाई आहे. हे बाबांना सांगशील तेव्हा कारणही सांग: वाटेकरी झालेला वकील तडजोड कधी करायची हे स्वतःच्या वाट्याकडे बघून ठरवतो.

आणि आता विहीर. बाबांनी वकीलपत्रावर सही केली असेल. आपल्याकडच्या छापील वकीलपत्रात तडजोड करायचा अधिकारही बहुतेक वेळा लिहिलेला असतो. म्हणजे आपला वकील बोलतो सार्जंटसारखा आणि बांधतो अ‍ॅटर्नीसारखा, आणि सही करणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना हे कुणी वाचून दाखवत नाही. म्हणून आधी तीन नकला मागव: वकीलपत्राची, तडजोडीच्या पुरसीसची आणि त्या दिवसाच्या रोजनाम्याची. पुरसीसवर बाबांची सही किंवा अंगठा आहे का बघ. तडजोड बेकायदा होती असं म्हणायचं असेल तर त्यासाठी नवा दावा चालत नाही, ज्या कोर्टात ती नोंदली तिथेच जावं लागतं. आठ वर्षांनी मुदतीची अडचण मोठी आहे, म्हणून नकला हातात आल्या की तिथल्या एखाद्या दुसऱ्या वकिलाला दाखव. वकिलाच्या वागणुकीबद्दलची तक्रार वेगळी. ती अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट 1961 च्या कलम 35 खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे जाते. ग्राहक मंचाची वाट मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंद केलीय, तिकडे वेळ घालवू नका.

हेही शक्य आहे की पुरसीसवर बाबांची सही निघेल. गर्दीत, ‘इथे करा’ म्हटलं म्हणून केलेली. तसं झालं तर त्यांना खोटं ठरवू नकोस. ‘मला कोणी विचारलंच नाही’ हे त्यांचं म्हणणं तरीही खरंच आहे.

पुढच्या रविवारी त्यांना फोन करशील तेव्हा इंग्लंडचं राहू दे. त्या दिवशी कोर्टात काय काय झालं ते पहिल्यापासून विचार, मध्ये बोलू नकोस, आणि लिहून घे. गेल्या आठ वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नसणार. नकला आल्या की मला कळव.

तुझी,
ताई